अळ्या सोडण्याआधी फरशी तयार करा

ग्रेट बॅरियर रीफवरच्या पहिल्याच हंगामात तुम्ही ॲक्रोपोरा या प्रवाळाच्या अळ्या टाकीतल्या फरशीवर बसवणार आहात, निवड उत्तम आहे. जीवाणूंची कोणती रसायनं अळ्यांना बसायला लावतात यात सध्या शिरू नका, ते नंतर बघू. आधी फरशीकडे लक्ष द्या.

नवखे हमखास इथेच चुकतात. कोरी फरशी घासूनपुसून टाकीत ठेवतात आणि अळ्या नुसत्या पोहत राहतात. त्यांना जीवाणूंचा बुळबुळीत थर लागतो आणि दगडासारखं कडक, गुलाबी कवचाचं शेवाळ लागतं. प्रवाळांची अंडी साधारण नोव्हेंबरच्या पौर्णिमेनंतर सुटतात, म्हणून फरशा सप्टेंबरातच खडकाजवळ टांगा. मग भिंगाखाली बघा. नखाने खरवडून न निघणारे गुलाबी चट्टे हवेत. केसांसारखं शेवाळ माजलं असेल तर ती फरशी बाजूला काढा; त्यात गाळ अडकतो आणि अळीला टेकायला जागाच उरत नाही.

सगळं गुलाबी शेवाळ सारखं नसतं बरं का! त्यातला टायटॅनोडर्मा हा प्रकार ॲक्रोपोराच्या अळ्यांना विशेष आवडतो. उलट काही जाती वरची साल टाकतात आणि तिच्यावर बसलेली प्रवाळाची पिल्लंही गळून जातात. म्हणून शेवाळाच्या जाती ओळखायला आत्तापासूनच शिका, पुढे फार उपयोग होईल.

घाई करू नका. अळ्या चार-पाच दिवसांच्या होईपर्यंत बहुतेक बसायला तयारच नसतात. तुलनेसाठी कोरी फरशी ठेवाच. आणि मोजताना खालची बाजू, खाचा आधी तपासा; बरीचशी पिल्लं तिथेच सापडतात.