एबरहार्ड वेबर: ऐकायला सुरुवात कुठून करावी

एबरहार्ड वेबर हा जॅझमधला बेसवादक ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत, ते वाचून खूप आनंद झाला. बेसचा, म्हणजे खालच्या स्वरांच्या तंतुवाद्याचा विषय निघाला की अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसचं नाव लगेच येतं, या जर्मन वादकाचं क्वचितच. तो त्याहून कितीतरी मोठ्या कौतुकाचा धनी आहे.

सुरुवातीला इतकंच ऐका:

- वेबरचा अल्बम 'द कलर्स ऑफ क्लोई', १९७३ चं ध्वनिमुद्रण. इथे बेस मागे राहून ताल धरत नाही, तो गातो. उभ्या इलेक्ट्रिक बेसला त्याने वरच्या पट्टीची पाचवी तार जोडून घेतली होती. तो लांबत जाणारा, चेलोसारखा स्वर नीट कानात बसू द्या. घाई नको.
- त्याचाच अल्बम 'येलो फील्ड्स'. चार्ली मारियानोचा सॅक्सोफोन आणि बेस यांचा संवाद.
- मग ब्रिटिश पॉप गायिका केट बुशचा १९८५ चा अल्बम 'हाउंड्स ऑफ लव्ह'. त्यातल्या 'मदर स्टँड्स फॉर कम्फर्ट' या गाण्यात वेबरचा तोच बेस पॉपमध्ये किती सहज मिसळतो ते बघा.

नवे श्रोते दोन चुका हमखास करतात. एक, फोनच्या स्पीकरवर ऐकतात. त्यात खालचे स्वर जवळजवळ नाहीसेच होतात, हेडफोन लावाच. दुसरी, बोटांचा वेग शोधतात. वेबरची ताकद स्वर धरून ठेवण्यात आहे.

वेबरचा 'रेझ्युमे' हा अल्बम मात्र सध्या बाजूला ठेवा. २००७ च्या पक्षाघातानंतर त्याला वाजवणं अशक्य झालं, तेव्हा नॉर्वेच्या सॅक्सोफोनवादक यान गारबारेकसोबतच्या मैफलींतले आपलेच जुने एकल तुकडे घेऊन त्याने हा अल्बम रचला. तो २०१२ मध्ये आला. आधीचा वेबर ओळखीचा झाला की तो ऐका, फार आतवर पोचतो.