सोन्यावरचा शिक्का कुणाच्या भल्याचा?

प्रश्न: काका, पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आमचे घरचे सराफ म्हणतात, "हॉलमार्कचं सरकारी झेंगट मागं लागल्यापासून तुमचाच खर्च वाढलाय. आपला काय, विश्वासाचा व्यवहार." पण आजीच्या पाटल्या मोडायला नेल्या तर त्याच पेढीवर बरीच घट सांगितली. माझे दीर कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत, ते म्हणतात हॉलमार्कच्या शिक्क्याशिवाय घेऊ नका. सरकार मध्ये पडल्यानं गिऱ्हाइकाचं भलं होतं की नुकसान?
– एक वाचक, विटा

उत्तर: ताई, ज्या गावची माणसं देशभर सोनं गाळतात त्या विट्याहून मला सोन्याबद्दल विचारणा! घरात गलाईवाला असताना मला काय विचारता, असंच लिहिणार होतो. पण तुमच्या सराफांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. कोल्हापुरात गुजरीतल्या एका पेढीवर बसून चव्वेचाळीस वर्षं "विश्वासाचा व्यवहार" हेच मी म्हणत आलो.

आमच्याकडं काय चालायचं ते सांगतो. दागिना देताना तोंडी "२२ कॅरेट". चिठ्ठीवर वजन आणि रक्कम, बाकी काही नाही. तोच दागिना दहा वर्षांनी मोडीला आला की कारागीर तो काळ्या कसोटीवर घासायचा, शेजारी बावीसच्या कांडीची रेघ ओढायचा आणि दोन्हींवरून तेजाब फिरवायचा. कांडीची रेघ पिवळीधमक राहायची, दागिन्याची फिकी पडत हिरवट व्हायची. मान वर न करता तो मला बोटं दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दोन कॅरेट खाली. मग मी हसून म्हणायचो, "डाखामुळं हो, एवढी घट येतेच." डाख म्हणजे सांधे जोडायला लावतात तो हलक्या कसाचा धातू. तो असतो हे खरं, पण दोन कॅरेटचा नसतो. गिऱ्हाईक भांडणार कशाच्या जोरावर? हातात कागद नाही, आणि समोर तीन पिढ्यांच्या ओळखीचा माणूस. आजीच्या पाटल्यांचं असंच झालं असणार.

म्हणून सरकारी नियम दिसला की हात जोडणाऱ्यांतला मी आहे, असं समजू नका. माझे वडील सोनार. जानेवारी १९६३ मध्ये मी चौथीत होतो. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची ओढाताण होती, सोनं चोरून येत होतं, म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. म्हणजे हजार भागांत सोनं ५८५. त्याचं मंगळसूत्र आमच्याकडं कोण घालणार? वडिलांनी फुंकणी खुंटीला टांगली आणि लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला जाऊ लागले. देशात कित्येक सोनारांनी जीव दिला. आणि गिऱ्हाइकाला मिळालं काय? बावीसची हौस सुटली नाहीच, लोक चोरून घडवून घेऊ लागले, आणि चोरून घडवलेल्याची पावती कोण देणार! चौदाची अट काही वर्षांत गेली. १९६८च्या कायद्यातली बाकीची बंधनं मात्र १९९० पर्यंत राहिली. मधु दंडवते अर्थमंत्री असताना ती उठली. वडील तोवर थकले होते.

त्या नियमानं गिऱ्हाइकाला सांगितलं, तू काय घालायचं. आताचा नियम सराफाला सांगतो, विकतोस ते काय आहे ते त्याच्यावर कोरून दे. मला पहिल्याचा राग आहे, दुसऱ्याचा नाही.

हॉलमार्क २००० सालापासून आहे. ऐच्छिक होता तोवर आमच्या पेढीनं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती आली. पहिल्याच महिन्यात हॉलमार्क केंद्राकडून आमचे काही दागिने कस कमी म्हणून परत आले. मालक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कारागिराला बोलावलं, आणि इतकी वर्षं जो डाख बदलता येत नव्हता तो बदलला.

खर्चाचं म्हणाल तर नगामागे ४५ रुपये आणि वर जीएसटी. चार पाटल्यांचे दोनशेच्या थोडे वर. मजुरीत एखादा टक्का चढवताना कुणी सराफ झेंगट म्हणत नाही, बघा.

नुकसान झालं ते खेड्यातल्या सोनाराचं. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सक्तीतून सूट आहे. पण शिक्का बघायची सवय लागलेलं गिऱ्हाईक बिनशिक्क्याच्या दुकानाची पायरी चढत नाही, ते थेट शोरूम गाठतं. सूट त्याच्याच अंगाशी आली. शोरूमची मजुरी गिऱ्हाइकाच्या अंगाशी येते, ते वेगळंच.

आता लग्नाचं. दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोण, २२के९१६ (बावीस कॅरेट, हजार भागांत सोनं ९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा नंबर. डोळ्यांना दिसत नाही म्हणून लाजू नका. दहापट दाखवणारं भिंग दुकानात ठेवणं बंधनकारक आहे, मागून घ्या. तो नंबर "बीआयएस केअर" अॅपमध्ये घालून पैसे देण्याआधी ताडून बघा. शिक्का फक्त कसाचा असतो. मजुरी किती, खड्यांचं वजन सोन्यात धरलं का, हे तो सांगत नाही. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या.

आणि बिल जपा. २० ग्रॅमची पाटली ९१६ म्हणून घेतली तर तिच्यात १८.३२ ग्रॅम शुद्ध सोनं हवं. ती २१ कॅरेटची, म्हणजे ८७५ निघाली, तर भरतं १७.५० ग्रॅम. फरक ०.८२ ग्रॅमचा. २०१८च्या बीआयएस नियमांप्रमाणे त्या फरकाच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफानं द्यायचा असतो. त्या जुन्या काळी असा नियम असता तर त्या दोन बोटांची खूण आम्हाला फार महागात पडली असती.

आजीच्या पाटल्यांवर शिक्का नसणारच. तरी त्या विकायला बंदी नाही, कुणी तसं सांगून भाव पाडू लागलं तर उठून या. आधी हॉलमार्क केंद्रात कस तपासून कागद घ्या, घट त्या कागदावरून ठरू द्या. आणि अगदीच नड नसेल तर मोडताच कशाला? बहिणीच्या हातात तशाच घाला. दिरांना माझा नमस्कार सांगा.