काटोलच्या पांदणीसाठी टॉप मॉडेल हायलक्स घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात राहतो, काटोलकडे 8 एकर संत्र्याची बाग आहे, तिथे जायला पांदण म्हणजे शेतातली कच्ची वाट, घरी एक सेडान आहेच, ऑफ-रोडिंगची हौस आहे, तर टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं तर पैसे वसूल होतील का. माझ्याकडे 2018 ची इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, सेकंड हँड घेतलेली, अजून तीच चालवून राहिलो. आणि आमच्या रविवारच्या टोळीत एक टॉपवाली ऑटोमॅटिक हायलक्स आहे जी मालकापेक्षा मीच जास्त चिखलात घातली असेल, कारण त्याला धुवायचा कंटाळा. तर भाऊ, सरळ सांगतो, हायलक्स घ्या, टॉप घेऊ नका, आणि टॉप घ्यायचीच असेल तर एकाच कारणासाठी घ्या, ते पुढे सांगतो.

आधी एक गोंधळ काढू. तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या फोर्ड रॅप्टरचे आणि टोयोटा टीआरडी प्रोचे व्हिडिओ पाहून पाहून डोक्यात बसलं. पाहा बरं का, त्या व्हिडिओतलं 'टॉप' आणि आपल्या शोरूममधलं 'टॉप' हे नावापुरतंच सारखं आहे. तिकडे फोर्ड रेंजर रॅप्टर घेतली तर कंपनी गाडीचं खालचं अंगच बदलून देते, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून कॉइल स्प्रिंग, फॉक्स कंपनीचे शॉकअप, आताच्या मॉडेलला तर पुढे मागे दोन्ही एक्सलला लॉक, तो काय ते पुढे सांगतो. म्हणजे जास्तीचे पैसे चाकापाशी जातात. आपल्याकडे ती गाडी मिळतच नाही, फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तिथेच तो विषय संपला. आपल्याकडे 'टॉप' म्हणजे लेदर सीट, मोठे अलॉय, थोडं क्रोम आणि गिअरबॉक्स. मागचे पाटे तेच.

हायलक्स इथे 2022 मध्ये आली तेव्हा खालचं मॉडेल 33.99 लाख होतं, मधलं मॅन्युअल 35.80 आणि वरचं ऑटोमॅटिक 36.80, सगळं एक्स-शोरूम. तेव्हापासून भाव वर खाली झालेत, आजचा आकडा तुम्ही शोरूमला विचारा, पण हिशोबाची पद्धत तीच राहते. इंजिन तिन्हीला तेच, 2.8 लिटरचं डिझेल, 204 पीएस. फोर बाय फोर आणि लो रेंज, म्हणजे हळू पण जोरात ओढायचा गिअर, खालच्यातही आहे. 700 मिलीमीटर पाण्यातून जायची क्षमता आहे तीही सगळ्यांना, कारण बॉडी एकच आहे, पाणी काही मॉडेल विचारून आत येत नाही. बाकी ब्रोशरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरातला तक्ता असतो, त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचा आणि स्वतःला विचारा की ही ओळ चिखलात कामाची आहे का घरासमोर. मी वाचला होता, चिखलातल्या ओळी फार कमी निघाल्या.

उलट एक ओळ अशी निघाली की जिथे टॉप मॉडेल चिखलात मागे पडतं. खालच्याला 17 इंची चाक, टायर 265/65. वरच्याला 18 इंची, टायर 265/60. यात 265 म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, आणि पुढचा आकडा म्हणजे रबराची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. आता गणित करा, टायरची बाहेरची उंची जवळपास सारखीच येते, 776 आणि 775 मिलीमीटर, म्हणजे गाडी काही उंच झाली नाही. पण रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर खालच्याला 172 मिलीमीटर आणि वरच्याला 159. आपल्याला दगडावर, बंडीच्या म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत, हवा कमी करून चालायचं असतं तेव्हा हेच रबर कामी येतं, ते जितकं जास्त तितका टायर पसरतो आणि रिम वाचते. म्हणजे जास्त पैसे देऊन 13 मिलीमीटर रबर कमी करून घ्यायचं. दिसायला मात्र 18 इंची झकास दिसतं, ते मान्य.

आता माझी फजिती ऐका. जुलैचा महिना, काटोलच्या पुढे एका मित्राच्या वावरात जायचं होतं, डांबरी सोडल्यावर दीड किलोमीटर पांदण. फोर बाय फोर आहे म्हणून मी छाती काढून घातली गाडी. आपली काळी माती तुम्हाला काय सांगायची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात साबण. टायर कंपनीचेच होते, हायवेवाले, शंभरेक मीटरमध्ये त्याच्या खाचा मातीने भरल्या आणि चारही चाकं म्हणजे चार गुळगुळीत लाडू झाले. लो रेंज लावला, चारही फिरून राहिले, गाडी जागेवर. मी अजून अ‍ॅक्सिलरेटर दिला, ही माझी चूक, चाकं खोदत गेली आणि पोट टेकलं. पोट टेकल्यावर कोणतंही मॉडेल असो, वजन चाकांवर उरतच नाही, तुमच्याकडे लेदर सीट असेल तर तुम्ही लेदर सीटवर बसून वाट पाहाल एवढाच फरक. अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टरवाला पोट्टा आला, साखळी लावली, दोन मिनिटात ओढून काढली आणि म्हणतो, "गाडी त जब्बर हाये भाऊ, पण टायर चिकने हायेत." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. त्या पोट्ट्याने जे एका वाक्यात सांगितलं ते मला आधी कोणत्याच सेल्समनने सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी चार ऑल टेरेन टायर टाकले, खोल खाचांचे, छोटा कंप्रेसर घेतला, आणि पांदण लागली की उतरून हवा 32 पीएसआयवरून 20 वर आणतो. तीच गाडी, तीच पांदण, तोच ड्रायव्हर, आता निघते. दर वेळी नाही, फार पाऊस असला की मी डांबरीवर गाडी लावून पायी जातो, त्यात काही कमीपणा नाही. आणि एक, पेंचच्या गेटवर जिप्सी पाहिल्याच असतील तुम्ही, ना त्यात स्क्रीन ना लेदर, पण टनाच्या आतलं वजन आणि फोर बाय फोर. चिखलात हलकं असणं हाच मोठा गुण. हायलक्स दोन टनाच्या वर, ती कितीही ताकदवान असली तरी मऊ जागेत रुतणारच, म्हणून टायर आणि हवा याच्यावर तुमचा जीव राहू द्या.

लॉकबद्दल थोडं, कारण त्याचं नाव घेऊन सगळे फेकतात. गाडीचं एक मागचं चाक खड्ड्यात लटकलं की डिफरन्शियल सगळी फिरकी त्यालाच देऊन टाकतं, ते हवेत भणभण फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. लॉक लावला की दोन्ही चाकं जबरदस्तीने बरोबर फिरतात, जमिनीवरचं चाक गाडी काढतं. पांदणीत बंडीच्या चाकोऱ्या तिरप्या ओलांडताना हे होतंच होतं, त्यामुळे फोर बाय फोरनंतर सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. हायलक्सला मागच्या एक्सलला ती आहे, तुम्ही घेणार त्या मॉडेलला आहे का ते लेखी बघून घ्या, बाकी काहीही सोडा पण ही सोडू नका. निघालात की लगेच बंद करायचा, नाहीतर स्टिअरिंग वळत नाही. आणि या पिकअपचं फोर बाय फोर कोरड्या डांबरीवर लावून मिरवायचं नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मधे ते जुळवून घेणारं काही नाही, मग ताण सगळा गिअरवर येतो. आमच्या टोळीत एकाने अमरावती रोडवर पूर्ण वाडीपर्यंत लावून आणली होती, आवाज काहून येऊन राहिला म्हणून विचारत होता.

बरं, ते एक कारण. ऑटोमॅटिक. हायलक्समध्ये मॅन्युअलला 420 न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) आहे आणि ऑटोमॅटिकला 500, आणि ऑटोमॅटिक फक्त वरच्याच मॉडेलला. व्ही-क्रॉसचंही 2021 पासून तसंच, फोर बाय फोर आणि ऑटोमॅटिक दोन्ही पाहिजे तर सगळ्यात वरचीच घ्या म्हणतात. चढावर दगडात मॅन्युअलचा क्लच अर्धा दाबून दाबून जो जळका वास येतो तो ज्याने घेतला त्यालाच ऑटोमॅटिकची किंमत कळते, पाय ब्रेकवर, गाडी मुंगीसारखी चढते. शिवाय रोज सीताबर्डी, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये नेणार असाल तर एवढा जड क्लच दाबून गुडघा बोलायला लागतो. तर गुडघ्यासाठी किंवा क्लचसाठी टॉप घेत असाल तर घ्या, मी अडवणार नाही. 2022 च्या भावात मधल्या मॅन्युअलला आणि वरच्या ऑटोमॅटिकला लाखाचाच फरक होता, तो गिअरबॉक्सचा म्हणून देता येतो. पण 'टॉप आहे म्हणजे जास्त ऑफ-रोड असेल' म्हणून घेत असाल तर नको.

शहराचं बोलायचं तर ही गाडी 5325 मिलीमीटर लांब आहे. फ्लॅटमधल्या पार्किंगचा चौकोन साधारण 5 मीटरचा असतो, म्हणजे फूटभर गाडी बाहेर, आणि सोसायटीत रोज कोणीतरी बोलणार. टेप घेऊन जा आणि मोजा, हे मी गमतीत नाही सांगत, आमच्या एकाने बुकिंग याच्यापायी कॅन्सल केलं. मागची सीट सरळ पाठीची आहे, त्यात मागे पाटे, रिकाम्या गाडीचं मागचं अंग उड्या मारतं. माझी व्ही-क्रॉसही तशीच. आईला एकदा मागे बसवून रामटेकला नेलं, येताना म्हणाली याच्यापेक्षा मामाची बंडी बरी होती. मी मागे शंभर सव्वाशे किलो रेतीची पोती टाकून ठेवतो, बराच फरक पडतो, टॉप मॉडेलमध्ये ही पोती येत नाहीत, स्वतःच भरावी लागतात. अजून एक, आताची बीएस 6 डिझेल आहे, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली, धरमपेठ ते ऑफिस चार किलोमीटर एवढीच रोज चालवली तर तो फिल्टर तुंबतो, आठवड्यातून एकदा तरी काटोल रोडला किंवा समृद्धीवर मोकळी ताणून आणायची. समृद्धीवर जायच्या आधी टायरमधली हवा मात्र परत पूर्ण भरा, 20 च्या हवेवर 120 ने गेलात तर टायर तापून फुटेल.

23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत घुसलं तेव्हापासून मला स्वतःला तीनचार जणांनी 'उंच गाडी घ्यायची आहे' म्हणून विचारलं. त्यांना हेच सांगितलं की 700 मिलीमीटर म्हणजे उभ्या पाण्यात, वाहत्या पाण्यात गाडी तरंगायला त्याच्यापेक्षा कमी पाणी पुरतं. नाल्यावरून पाणी चाललं असेल तर थांबायचं.

बागेच्या कामाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण खरं तर तोच मोठा प्रश्न आहे. संत्रा तुम्ही स्वतः कळमन्याच्या बाजारात नेता का, की व्यापारी झाडावरच बाग घेतो? व्यापारी घेत असेल तर त्याचे मजूर, त्याचे कॅरेट, त्याचा ट्रक, तुमच्या पिकअपला काम उरतं ते फवारणी पंप, ड्रिपच्या नळ्या, पाचदहा बॅगा खत. त्याला कोणतीही पिकअप चालते. पण स्वतः माल नेणार असाल तर हायलक्स त्यासाठी नाही, बोलेरो पिकअप 1.3 आणि 1.7 टनाच्या पासिंगची मिळते, हायलक्सच्या किमतीच्या किती खाली ते तुम्हाला माहीतच आहे. आणि 37 लाखाच्या गाडीच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, कॅरेट घासून ओरखडे पडले की जो जीव तळमळतो त्याचा हिशोब वेगळा. टोळीतल्या त्या टॉपवाल्याने एकदा युरिया आणला तर खाली गादी टाकून आणला होता, आई शप्पथ.

पासिंग प्रायव्हेटमध्ये होणार की गुड्समध्ये, पांढरी प्लेट की पिवळी, टॅक्स किती, हे बुकिंगच्या आधी डीलरकडून लिहून घ्या, तोंडी नको. लोखंडी बंपर, क्रॅश गार्ड बसवायचा विचार असेल तर सोडा, केंद्राने 2017 मध्येच त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि एअरबॅगच्या सेन्सरची वाट लागते ते वेगळंच.

तर माझं मत, खालची मॅन्युअल घ्या, वाचलेल्या पैशातून पहिल्याच महिन्यात चार ऑल टेरेन टायर, कंप्रेसर, ओढायचा चांगला पट्टा, तो अडकवायच्या दोन शॅकल (लोखंडी कड्या), एक फावडं, आणि बेडवर झाकण घ्या. झाकण नक्की घ्या, मेमध्ये आपल्याकडे 45 वर पारा जातो, मी एकदा उघड्या बेडमध्ये ड्रिपच्या नळ्यांचं बंडल दुपारभर ठेवलं होतं, संध्याकाळी सरळ केलं तर नळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आणि टेस्ट ड्राइव्ह वर्धा रोडवर नका घेऊ, डीलरला म्हणा बागेपर्यंत येऊ द्या, पांदणीच्या तोंडापर्यंत तरी. नाही म्हणाला तर पाऊस पडून गेल्यावर मला मेसेज करा, माझी व्ही-क्रॉस घेऊन येतो, तुम्हीच चालवून पाहा. साखळी सोबत असेल.