कुठून आलं, ते आधी लिही

चि. मित्रास,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सोमवारपर्यंत कॉलेजच्या ग्रंथालयातल्या दुर्मीळ ग्रंथांची यादी हवी, प्राचार्यांना तीत निदान दोनशे नावं दिसली पाहिजेत, आणि तू कॉम्प्युटरवर 1950 च्या आधीची पुस्तकं काढलीस तर निम्मी निघाली क्रमिक पुस्तकं आणि गाइडं. त्यात गावभागातल्या एका घरातून फोन, की आजोबांच्या ट्रंका घेऊन जा, नाहीतर रद्दीवाला येतोय. तू कंत्राटी, म्हणून कुणालाच नाही म्हणवत नाही. कळलं.

यादीचं आधी उरकू. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या मागच्या नमुन्यात दुर्मीळ पुस्तकं-हस्तलिखितांचा वेगळा प्रश्न होता, तेव्हापासून कॉलेजांना जाग आली आहे. आली ते बरंच झालं. पण जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे, हे तुला मी सांगायला नको होतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. तिचं पुढे पुनर्मुद्रण झालं, आज तो कोश इंटरनेटवर कुणीही घरबसल्या शोधतो. म्हणजे मजकूर दुर्मीळ नाही. पण तीच आवृत्ती मिरजेच्या एखाद्या शास्त्रीबुवांच्या घरातली असेल, समासात त्यांनी आपल्याकडचे शब्द भरले असतील, तर ती प्रत जगात एकच. आणि हे तुला कधी कळणार? ती कुठून आली ते कुणीतरी लिहून ठेवलं असेल तर. या पत्रात तुला दुसरं काही मिळणार नाही, हेच मिळेल: कुठून आलं ते लिही.

तुमची दाखल नोंदवही उघडून बघ. लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पानं, किंमत, सगळं वळणदार अक्षरात. आणि पुस्तक मिळालं कसं, त्या रकान्यात? ‘देणगी’. कुणाची देणगी? कुठल्या घरातली? बरोबर आणखी काय होतं? शेऱ्याचा रकाना कोरा. वर्षानुवर्षं कोरा! पुस्तकावर शिक्का मारायला आपल्याला वेळ असतो, तोही नेमका मुखपृष्ठावरच्या चित्रावर. पण देणारा समोर बसलेला असताना त्याला दोन प्रश्न विचारायला नसतो.

आमच्याकडे एक पुस्तिका आली होती, संगीत नाटकाच्या पदांची. करंगळीएवढीही जाड नाही, पिना गंजलेल्या, अर्धं मुखपृष्ठ गायब, मागे केसांच्या तेलाची जाहिरात. एका पदाशेजारी शिसपेन्सिलीनं ‘वन्समोअर’, दुसऱ्याशेजारी ‘पट्टी उतरवली’. देणाऱ्या गृहस्थांना विचारलं तेव्हा म्हणाले, वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. एवढं एक वाक्य मी शेऱ्यात लिहिलं. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथे साथीदाराच्या हातची ही खूण म्हणजे काय चीज आहे हे ज्याला कळायचं त्याला कळतं. पुढे संगीत नाटकावर काम करणारी एक मुलगी आली, तिनं छापील पदांकडे पाहिलंही नाही, त्या पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या उतरवून घेतल्या. शेऱ्यातलं ते वाक्य नसतं तर फाटकी पुस्तिका म्हणून पुढच्याच निर्लेखनात, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करून रद्दीत गेली असती.

इतिहास संशोधक वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेत बसून पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली पत्रं लावली आणि छापली. तो कागद कोणाच्या दफ्तरातला, कुणी कुणाला लिहिलेला, हे माहीत होतं म्हणून त्यातून इतिहास उभा राहिला. तीच पत्रं कुणी सुटी करून बाजारात विकली असती तर नुसती जुनी मोडी अक्षरं उरली असती, चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायला.

आता एक जुनं दुखणं. ‘किर्लोस्कर’ मासिक आपल्या जिल्ह्यातलं, किर्लोस्करवाडीहून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालेलं. आमच्याकडे त्याचे बरेच सुटे अंक होते. ग्रंथालय समितीनं एका मे महिन्यात ठराव करून ते बाइंडिंगला पाठवले. मी लेखी विरोध नोंदवला होता, तो फायलीत असेल. परत आले ते हिरव्या रेक्झिनमध्ये, कडा कापून, मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकून. ‘फालतू पानं काढली मॅडम, कपाटात जागा झाली,’ असं वर सांगण्यात आलं. त्या काळी काय विकलं जात होतं, शेतकऱ्याला लोखंडी नांगर कोणत्या शब्दांत विकत होते, ते त्या फालतू पानांवर होतं. अंकांवर वर्गणीदारांच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या होत्या, कुठल्या खेड्यात कोण मासिक मागवत होतं ते सांगणाऱ्या. त्याही गेल्या. आजही हिरवं रेक्झिन दिसलं की माझं डोकं फिरतं.

त्यानंतर त्या कपाटातलं पान माझ्या सहीशिवाय हललं नाही. मला ‘कपाटावरची नागीण’ म्हणायचे, तुझ्याही कानावर आलं असेल. एका प्राध्यापकांनी मला भर स्टाफरूममध्ये ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा 1931 चा पहिला नियम ऐकवला, पुस्तकं वापरासाठी असतात म्हणून. मला! मी कुणाला वाचू दिलं नाही असा एक माणूस दाखव. माझ्या टेबलासमोर बसा, हात कोरडे ठेवा, पेन बाजूला ठेवून पेन्सिल घ्या, दिवसभर वाचा. झेरॉक्स नाही, कारण पुस्तक काचेवर उताणं दाबलं की कण्यातून सुटतं. फोटो काढा हवे तेवढे. याला कोंडून ठेवणं म्हणत असतील तर म्हणोत. घरी नेलेली पुस्तकं कुठल्या अवस्थेत परत येतात ते मी पाहिलंय, त्यांनी नाही.

जपणुकीचं थोडक्यात सांगते, ते शिकता येतं. सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर नाहीच. फाटलं तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पुस्तकं उन्हात वाळवायची नाहीत. लाकडाच्या लगद्यातलं आम्लच कागद खातं, म्हणून चिंध्यांच्या कागदावरचं शंभर-सव्वाशे वर्षांचं पुस्तक ठणठणीत असतं आणि महायुद्धाच्या टंचाईतल्या कागदावरचं हातात तुटतं. वय बघून काळजी घेऊ नकोस, कागद बघून घे.

आणि तळमजला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा काय झालं ते तू पाहिलंस. जड कपाटं खालीच बरी, असं म्हणणारा कुणीतरी असतोच, त्याचं ऐकू नकोस. भिजलेल्या पुस्तकाला दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर गोठवावं लागतं, उणे 18 च्या आसपास. आपल्याकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एवढी थंडी नसते, तिथे बुरशी फार तर लांबते. पुरात कपाटातून काय गेलं हे तरी सांगता यावं, म्हणून नोंदवहीची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव. पुस्तक गेलं तरी ते कुठून आलं होतं ते उरतं, आणि त्याच घरात दुसरी प्रत निघू शकते.

आता ट्रंका. जा, आणि उद्याच जा. पण ‘सगळं घेतो’ म्हणू नकोस. आजोबांच्या नावाचं वेगळं कपाट आणि वर फोटो हवा म्हणतील, म्हणतातच. नम्रपणे नाही म्हण. देणगीपत्रावर सही घे, त्यात जादा प्रती दुसऱ्या ग्रंथालयाला देण्याची मुभा स्पष्ट लिहून घे. मोडी कागद निघाले तर तुमच्या कपाटात कोंबू नकोस, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी वाचणारे आहेत, तिकडे जायला हवेत ते. पण ट्रंका उघडल्या उघडल्या ढीग करू नकोस रे! कुठल्या ट्रंकेत कशाखाली काय होतं, त्याचा आधी फोटो काढ. पुस्तकात खुणेला घातलेलं बसचं तिकीट, पोस्टकार्ड, वाळलेलं पान, काही झटकून टाकायचं नाही. त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बस, चहा घे, आणि आजोबा काय करायचे, पुस्तकं कुठून आणायचे ते विचार. ते बोलतील तसं, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिही. धूळ नंतर झाड.

प्राचार्यांना दोनशे हवीत. तुझ्याकडे कुठून आलं हे सांगता येईल अशी चाळीस निघाली तर चाळीसच दे, आणि प्रत्येकापुढे दोन ओळी लिही. नॅकची समिती बघायला आली की कपाट उघडून एकच पुस्तक हातात देऊन त्याची हकीकत सांग. गाइडं यादीत घातलीस आणि एखाद्या जाणत्या माणसानं नेमकं तेच पान उलटलं, तर बोलणी तू खाशील, प्राचार्य नाही. कंत्राटाचं म्हणशील तर ज्याला हे सांगता येतं असा माणूस त्यांना दुसरा मिळणार नाही, निदान मी तरी प्राचार्यांना तसं फोन करून सांगेन. आमची अजून ओळख आहे, भांडणातली का होईना.

ट्रंकांतलं काही कळेना तर फोटो पाठव. दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपते.

तुझी,
मॅडम