नवरा वेल्डर, लाईनवर रोबोट. मुलाने पण वेल्डिंगच करावं का?

ताई, पत्र वाचलं. मिस्टर वीस वर्षं वेल्डर, लाईनवर रोबोट आल्यापासून ओव्हरटाइम बंद, पगार जागच्या जागी, आणि रोबोट सेट करणारा पंचविशीतला पोरगा त्यांच्यापेक्षा जास्त घेतो. आता मुलगाही वेल्डिंगच करायचं म्हणतोय, तर करू द्यावं का?

करू द्या. पण नुसतं वेल्डिंग नको.

मशीन आलं की सरसकट सगळ्यांचे पगार पडतात असं नाही हो, दिवसभर तोच तो सरळ जोड मारायचं काम ते घेतं आणि ज्याच्याकडे तेवढंच काम होतं त्याचा भाव पडतो, पण बिघाड शोधणारा, सेटिंग करणारा असतो त्याचा वाढतो, म्हणून एकाच शेडमधे दोन पगारांत एवढं अंतर दिसतं. असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतले १९९० ते २००७ चे आकडे तपासले, तर हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला की पगार साधारण ०.४ टक्के खाली येतात असं निघालं. जर्मनीत जुने कामगार बरेचसे त्याच कंपनीत टिकले, काम बदलून, पण कारखान्यात नव्या पोरांची भरती घटली. म्हणजे मिस्टरांपेक्षा मुलाची काळजी जास्त!

त्याने आधी हाताने वेल्डिंग नीट शिकावं, घाई नको. जोडात छिद्रं पडतायत ती गॅसमुळे, गंजामुळे की वाऱ्यामुळे, हे ज्याने स्वतः वेल्डिंगचा टॉर्च धरलाय त्याला पटकन कळतं. मग त्यावर रोबोट प्रोग्रामिंग, फिक्स्चर (जोडायचे भाग जागेवर घट्ट धरणारा साचा), थोडं सेन्सर आणि पीएलसी (मशीनला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर). एकाच ब्रँडच्या मशीनचा महिनाभराचा कोर्स करून सर्टिफिकेट आणणार असेल तर पैसे वाचवा, कारण काही रोबोट आता हाताने धरून फिरवले की रस्ता लक्षात ठेवतात, मग नुसती बटणं येतात म्हणून जास्त पगार किती दिवस मिळणार? (त्या पंचविशीतल्या पोरालाही हे लागू आहे.)

आणि मिस्टरांबद्दल. रोबोटमुळे वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जायचा हे रोबोट ठरवत नाही, ते पगाराच्या करारात ठरतं. पुढच्या करारात त्यांनी आणि सोबतच्या वेल्डरांनी मिळून रोबोटवरचं ट्रेनिंग मागावं, कामाच्या वेळेत, पगार न कापता, आणि शिकल्यावर ग्रेड वाढेल हे लेखी घ्यावं.