छायाचित्रावरून सिरफिड माशी ओळखताना

प्रश्न : मोहोळजवळच्या आमच्या करडईच्या शेतात जानेवारीत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, हवेत एकाच जागी तरंगणारी माशी दिसली. सोबत मोबाइलवर काढलेली तीन छायाचित्रे पाठवली आहेत. ओळख सांगणाऱ्या ॲपने दोन वेगवेगळी नावे दिली. त्यांपैकी कोणते धरावे?

उत्तर : आधी ही माशीच आहे, गांधीलमाशी नव्हे, याची खात्री करून घेऊ. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात; आपल्या पहिल्या छायाचित्रात एकच जोडी असून मिशा अगदी आखूड आहेत. त्याच चित्रात पंख उन्हात चमकल्यामुळे मध्यावर शिरेसारखी दिसणारी, पण टोकाला कुठेच न जोडलेली एक लांबट घडी दिसते. तिला आभासी शीर म्हणतात आणि सिरफिडी, म्हणजे अशा तरंगणाऱ्या माश्यांच्या, कुलाची ती सर्वांत भरवशाची खूण आहे.

आता पोट पाहावे. दुसऱ्या चित्रात पोटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर रुंद काळ्या पट्ट्याखेरीज माणसाच्या मिशीसारखा एकेक बारीक काळा पट्टा आहे. हा जोडपट्टा *एपिसिर्फस बाल्टिएटस* या जातीचा असून तिचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ डी गीअर यांनी १७७६ मध्ये केले. तिसऱ्या चित्रात मात्र बारीक पट्टा नाही, पिवळे पट्टे कमानदार आहेत आणि छातीच्या दोन्ही कडांवर ठसठशीत पिवळी रेघ आहे. ही *इस्चिओडॉन स्कुटेलारिस*. करडईवरच्या मावा या रसशोषक किडीजवळ तीही हमखास असते. म्हणजे ॲपने दोन नावे दिली, कारण आपण दोन माश्यांची चित्रे एकच समजून दिली होती. एकाच माशीची सलग चित्रे घ्यावीत, आणि ती वरून, बाजूने व समोरून असावीत. सकाळच्या गारठ्यात माशी करडईच्या बोंडावर निश्चल बसलेली असते. ती वेळ सर्वांत चांगली. केवळ रंगाच्या गडदपणावर मात्र विसंबू नये, कारण थंडीत कोषावस्था काढलेल्या *बाल्टिएटस* माश्या अधिक काळपट निपजतात.

प्रश्न : सोलापुरातील कंबर तलावाच्या काठी मधमाशीएवढी माशी टिपली. तिच्या डोळ्यांवर बारीक ठिपके आहेत. जातीचे नाव सांगाल का?

उत्तर : प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, निश्चित सांगतो : *एरिस्टॅलिनस*. ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे डोळे ही तिची ओळख असून, पंखातील एका लांब शिरेला पडलेला खोल बाक तिला पुष्टी देतो. दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले असल्याने हा नर आहे. जातीसाठी मात्र छातीची व पोटाची वरची बाजू स्पष्ट दिसायला हवी, आणि आपले चित्र तिरके आहे. प्रजातीपर्यंतचे बरोबर नाव हे जातीच्या अंदाजी नावापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, असे मी मानतो. तिच्या अळ्या साचलेल्या, कुजक्या पाण्यात वाढतात व शेपटीसारख्या लांबणाऱ्या नळीने श्वास घेतात. म्हणून ती तलावाकाठी भेटली यात नवल नाही.

प्रश्न : पेरूवर बसलेली पिवळसर माशीही सिरफिडच का?

उत्तर : नाही. पंखाच्या पुढच्या कडेने गेलेली गडद पट्टी आणि मादीच्या पोटाचे टोकदार टोक पाहता ही फळमाशी आहे.

प्रश्न : ज्वारीच्या पानावर माव्यात हिरवट, बिनपायांची अळी सापडली. तिच्या चित्रावरून माशीची जात कळेल का?

उत्तर : ही सिरफिडचीच अळी आहे. ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळीला सहा पाय असतात, हिला एकही नाही. आपल्या चित्रात तिने एक मावा तोंडाने उचलून अधांतरी धरला आहे. त्यातील रस शोषून ती रिकामी कातडी टाकून देते, तेव्हा त्या पानावर कीटकनाशक फवारू नये. जात ओळखण्यासाठी मावा असलेल्या पानासह तिला डब्यात ठेवून तोंडाला मलमलचे कापड बांधावे आणि रोज ताजा मावा द्यावा. थेंबाच्या आकाराच्या कोषातून हवामानानुसार साधारण आठवडा-दोन आठवड्यांत माशी बाहेर येते. ती सुरुवातीला फिकट असते आणि पट्टे उमटायला काही तास लागतात. त्यानंतरच चित्र काढावे व तिला शेतात सोडून द्यावे.