केआय-67 निगेटिव्ह म्हणजे पेशी थांबलेलीच, असं रिपोर्टात लिहावं का?

प्रश्न असा: लिम्फ नोडमध्ये केआय-67 (विभाजनाच्या चक्रातल्या पेशींत दिसणारं प्रथिन) निगेटिव्ह आलेल्या पेशी जी-शून्यात, म्हणजे चक्राबाहेर विश्रांतीत, आहेत असं धरावं, की पी27 या प्रथिनाचा रंगही लावावाच? नुसत्या केआय-67वर धरू नका. जी-1च्या (चक्राच्या पहिल्या टप्प्याच्या) सुरुवातीलाही ते दिसेनासं होतं. पी27 हा सीडीकेला (चक्र पुढे ढकलणाऱ्या एन्झाइमना) लागलेला ब्रेक. तो दिसला तर पेशी सध्या अडवलेली आहे एवढंच कळतं. एमसीएम-2 (डीएनएची प्रत काढायला लागणारं प्रथिन) सुद्धा निगेटिव्ह असेल तर दावा बराच पक्का होतो, कारण जी-शून्यात तेही उतरतं.

पण पी27चा रंग ‘चालत नाही’ म्हटलं की लगेच क्लोन (अँटिबॉडीचा प्रकार) बदला, असं सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. आधी लिम्फ नोडची गाठ लॅबमध्ये कशी आली ते बघा. धार-खरगोनकडून इंदूरला अख्खी, न कापलेली गाठ छोट्या बाटलीत येते. फॉर्मलिन ताशी जेमतेम मिलीमीटरभर आत शिरतं. कडेला झकास रंग, मध्ये पांढरं. मग मधला भाग वाचून ‘पी27 लोप’ लिहिला जातो! गाठ ताजी असतानाच 2–3 मिमीच्या चकत्या करा, दहापट 10% बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका. सेक्शन (स्लाइडवरचा काप) 3 मायक्रॉनचा, रंगाआधी तो ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये, पीएच 9, 95–98 अंशांना 20 मिनिटं तापवा, आणि त्याच बफरमध्ये थंड होऊ द्या.

स्लाइडवर आधी टी-पेशी शोधा; त्यांच्यात पी27 असतंच, म्हणून त्या आतलाच कंट्रोल. त्यांची केंद्रकं गडद तपकिरी हवीत. नसतील तर त्या भागावर मत देऊच नका. रिॲक्टिव्ह (कॅन्सर नसलेल्या) फॉलिकलमध्ये, म्हणजे बी-पेशींच्या गोल पुंजक्यात, जर्मिनल सेंटर (पेशी वेगानं विभागतात तो मधला भाग) पी27ला जवळपास कोरं आणि मॅन्टल (भोवतीचं कडं) भरलेला दिसतो, केआय-67चं चित्र नेमकं उलटं. सेंटरमधले तुरळक गडद ठिपके बहुधा टी-पेशीच. सायटोप्लाझममधला रंग मोजायचा नाही.

आणि विभाजन नाही म्हणजे कॅन्सर नाही, हे डोक्यातून काढा. एसएलएलमध्ये (लहान बी-पेशींच्या लिम्फोमात) पी27 भरपूर, केआय-67 कमी. त्या पेशी साचतात कारण बीसीएल-2 या मृत्यू रोखणाऱ्या प्रथिनामुळे मरत नाहीत. मॅन्टल सेल लिम्फोमात (आणखी एका बी-पेशींच्या कॅन्सरात) केआय-67 कमी असूनही पी27 फिकं येऊ शकतं, तिथे वाढलेलं सायक्लिन डी-1 हे प्रथिन त्याला अडकवून ठेवतं म्हणून. तिथे पी27वर ग्रेड ठरवू नका. केआय-67 किती टक्के पेशींत आहे ते नीट मोजा, 30%ची रेषा तिथे महत्त्वाची.

हो, टी-सेल लिम्फोमाचा संशय असेल तर टी-पेशींचा कंट्रोल धरू नका. तिथे मॅन्टल शिल्लक असेल तर त्याच्यावर, नाहीतर शेजारी टॉन्सिलचा तुकडा लावून वाचा.